आबांची फुंकर

जुईच्या तोंडावर मुखवटा बसवला तेव्हा ती रडली नाही, हसली. मुखवट्यातून येणारी झुळूक तिला ओळखीची वाटली असावी. रोज संध्याकाळी आबा तिच्या पोटावर तोंड टेकवून 'फुऽर्र' करायचे तेव्हा ती अशीच हसायची, पाय झाडत, बिनदातांचं सगळं तोंड उघडून. पण आज हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. छाती आत ओढली जात होती. बरगड्यांच्या मधली कातडी पाळण्याच्या झोळीसारखी खाली बसायची, वर यायची.

"झालंच हं माझं शोनुलं," ईश्वरी तिच्या टाळूवर ओठ टेकून म्हणाली.

"किती छान वास येतोय बाळाला," नर्स म्हणाली. "तिळाचं तेल का?"

"हो, आई पाठवते. घाण्यावरचं."

दाराशी आबा उभे होते, खांद्यावर पंचा, हातात जुईची पिशवी. एस.टी.त उभा जन्म गाडी चालवलेला माणूस, त्यांना नुसतं बसून राहणं जमत नसे. "ह्या नाकाला समदं कळतंय म्हणं," ते नर्सला म्हणाले. "मला सर्दी झाली तर माझं नाक ह्या नाकाला दावायचं का?"

नर्स हसली. यंत्राचं खरं नाव गंधवेध. पण मिरजेत कोणी त्याला त्या नावानं हाक मारत नव्हतं. 'नाकाला दाखवलंस का?' असंच विचारायचे.

यंत्राचं तत्त्व साधं होतं. जंतू झाला तरी तो काहीतरी खातो आणि काहीतरी टाकतो. फुफ्फुसात ठाण मांडून बसलेल्या जंतूनं टाकलेले रेणू हवेत मिसळून आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडतात. ते इतके विरळ असतात की विहिरीत अत्तराचा थेंब टाकावा. माणसाला तो वास येत नाही, यंत्राला येतो. लाखो रुग्णांचे श्वास त्याला हुंगवून शिकवलं होतं, की हा न्यूमोनिया, ही बुरशी, हा क्षय. मोठी माणसं निदान बेडका काढून तरी देतात; तान्ही बाळं बेडका गिळून टाकतात. पूर्वी त्यांच्या नाकातून पोटात नळी घालून उपाशीपोटी नमुना काढावा लागे. त्यामुळे बाळांच्या बाबतीत हे यंत्र म्हणजे वरदान वाटलं होतं, आणि बहुतेक वेळा ते होतंही.

"बाळाला काही घरगुती औषध दिलं जातं का?" यंत्राचा आवाज एखाद्या समजूतदार मावशीसारखा होता. "गुटी, काढा, चाटण, किंवा दुसरं काही?"

"नाही," ईश्वरी ठामपणे म्हणाली. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता. आईशी भांडून तिनं गुटी बंद केली होती. धुरी बंद केली होती. पुस्तकात वाचून, डॉक्टरांना विचारून ती जुईला वाढवत होती. "काहीही देत नाही. फक्त माझं दूध."

यंत्रानं ते नोंदवून घेतलं.

*

डॉ. परवीन मुजावर लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टर. उंच, पांढऱ्या केसांची बट कपाळावर आलेली, बोलताना समोरच्याच्या बाळाकडे बघणारी बाई. त्यांनी पडद्यावर जुईच्या छातीचा फोटो दाखवला. काळ्या फुफ्फुसात ढग भरून आल्यासारखे पांढरे डाग.

"न्यूमोनियाची औषधं दिली, उतार नाही. आता नाक म्हणतंय क्षय, टीबी. मी तेवढ्यावर थांबले नाही. पोटातला नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल दांड्या दिसतात. टीबीचे जंतू असेच दिसतात."

"मग नक्कीच?" जुईच्या बाबानं, यशराजनं विचारलं. त्याचा हात ईश्वरीच्या पाठीवर होता.

डॉक्टरांनी अहवालाचं दुसरं पान उलटलं. "जनुकांची जी तपासणी असते, ती मात्र नाही म्हणाली. पण बाळांच्या नमुन्यात जंतू फार थोडे असतात. ती तपासणी बाळांमध्ये बऱ्याचदा चुकते. दोन गोष्टी हो म्हणतायत, एक नाही म्हणतेय. थांबून राहण्यात धोका आहे."

"पण एवढ्याशा जिवाला टीबी होतोच कसा?"

"कुणाकडून तरी होतो," डॉक्टर म्हणाल्या. "बाळ काही बाजारात जात नाही. एवढ्या लहान बाळाला टीबी झाला याचा अर्थ त्याच्या अगदी जवळ वावरणाऱ्या मोठ्या माणसाला तो आहे."

घरी जाईपर्यंत तिघांच्या फोनवर निरोप येऊन पडले होते: घरातल्या सर्वांनी श्वास द्यावा.

ईश्वरीचा श्वास स्वच्छ निघाला. यशराजचाही. आबांनी मुखवट्यात श्वास सोडला तेव्हा यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ घोटाळलं. मग त्याच समजूतदार आवाजात म्हणालं, "जुन्या आजाराची खूण आहे. सध्याच्या आजाराबद्दल निश्चित सांगता येत नाही."

*

"जुना आजार कसला, आबा?" यशराजनं विचारलं.

आबा सोफ्याच्या कडेवर बसले होते. पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "नवा नवा डायवर झालो व्हतो. जत डेपोला. तवा झालं व्हतं. पुरता कोर्स केला. डॉक्टरनं बरा झाला म्हणून सांगितलं."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं त्यात? तुझ्या आईला ठावं व्हतं. लग्नाआधीच सांगितलं व्हतं मी तिला. ती म्हणाली, पुन्यांदा कुणाफुडं बोलू नका, लोक चहाचा कप वायला ठेवतात."

यशराजची आई जाऊन वर्ष झालं होतं.

ईश्वरीच्या मांडीवर जुई झोपली होती. झोपेतही श्वासाबरोबर नाकपुड्या फुलत होत्या. ईश्वरी त्या नाकपुड्यांकडे बघत होती. बघता बघता तिच्या डोळ्यांपुढं सगळ्या संध्याकाळी आल्या, पोटावरची फुऽर्र, पापण्यांवरची फुंकर, खेळण्यातल्या भिरभिऱ्यावरची फुंकर.

"तुम्हाला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "माहीत असून तुम्ही रोज तिच्या तोंडावर फुंकत होता, आबा?"

तिनं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. आबांनाही मग चार शब्द सुनावता आले असते. बोटाला गुंडाळलेला पंचा त्यांनी सोडवला, झटकला आणि नाकातोंडावरून घेऊन मानेमागं गाठ मारली.

त्यांचा मित्र बापू कवठ्याजवळ बेदाण्याचं शेड चालवायचा. राखणीला माणूस पाहिजेच होता. दुसऱ्या दिवशी यशराज त्यांना सोडून आला. निघताना आबा जुईच्या पाळण्याजवळ गेले नाहीत. दारातूनच म्हणाले, "वासरू झोपलंय न्हवं? झोपू दे."

*

औषधं सुरू झाली. जुईचीही, आबांचीही. आबांच्या बेडक्यात काही सापडलं नव्हतं. पण बाळाला आजार आहे म्हणजे घरात उगम आहे, आणि दुसरा कुठला उगम दिसत नव्हता. यंत्राच्या तर्काला त्यात खोट काढता येत नव्हती, डॉक्टरांनाही नाही.

संध्याकाळी आबांचा फोन यायचा. पडद्यावर मागं जाळीच्या मांडण्या, त्यांवर पसरलेली हिरवी द्राक्षं. दिवसागणिक ती सुकत, पिवळी होत गेलेली. आणि पुढं आबा, डोळ्यांखाली पंचा बांधलेले.

"काय करतंय माझं वासरू?"

"आज पालथी झाली, आबा."

"व्हय? ते बघायचं राहिलं की."

पहिल्यांदा तो पंचा पाहिला तेव्हा ईश्वरीच्या तोंडावर आलं होतं, अहो आबा, फोनवरून नाही लागत. एवढंच तर म्हणायचं होतं. ते हसले असते, पंचा खाली ओढला असता आणि जुईला त्यांचं तोंड दिसलं असतं. पण मनात कुठंतरी राग गोळा होऊन बसला होता, तो म्हणाला, असू दे. मग दुसऱ्या दिवशी म्हणणं अवघड झालं आणि नंतर विषयच गेला. जुईला पडद्यावर दोन डोळे आणि एक पंचा दिसायचा. हळूहळू ती दुसरीकडे बघू लागली.

ईश्वरीनं जुईची काळजी दुपटीनं घ्यायला सुरुवात केली. भांडी उकळायची, पडदे धुवायचे. सकाळची आंघोळ तर तिनं एखाद्या व्रतासारखी धरली. ऊन पाणी, कोमट तेल, हलक्या हातानं मालिश. शाळेतल्या नोकरीतून तिनं रजा घेतली होती. त्या आंघोळीच्या वेळी तिला वाटायचं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे.

जुई बरी होत नव्हती. एका सकाळी दूध पिता पिता ती निळसर पडली.

*

फुफ्फुसाला छिद्र पडून हवा छातीत साठली होती. नळी घालून ती काढली. यशराज दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिला, ईश्वरी काचेला कपाळ लावून उभी राहिली.

"टीबीच्या औषधांनी आतापर्यंत फरक पडायला हवा होता," डॉ. मुजावर म्हणाल्या. "आणि हे डाग बघा. उजवीकडे वर, आणि दोन्हीकडे पाठीच्या बाजूला. आडव्या झोपलेल्या बाळाच्या घशातून काही खाली उतरलं तर ते इथंच जाऊन बसेल. हे मला आधी खटकायला हवं होतं. आपण फुफ्फुस आतून धुऊन पाहू. थोडं खारं पाणी सोडायचं आणि परत ओढून घ्यायचं."

ते पाणी परत आलं तेव्हा दुधासारखं गढूळ होतं. डॉक्टरांनी बाटली खिडकीत ठेवली आणि वाट पाहिली. ईश्वरीला त्यांनी बोलावून घेतलं तोवर पाण्यावर काहीतरी तरंगायला लागलं होतं. लहान लहान चकत्या, आमटीवर तवंग येतो तशा.

डॉक्टरांनी तिला काही विचारलं नाही. कोपऱ्यातला टॉवेल उचलून त्याची गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली. "ही जुई. हिला आंघोळ घाला. घरी घालता तशी, पहिल्यापासून. मला बघायचंय."

ईश्वरीला हसू आलं आणि रडूही. पाय लांब करून ती फरशीवर बसली. टॉवेल पायांवर घेतला. "आधी तेल कोमट करते. मग छाती, पोट, पाय... असे. मग पालथी. पाठ. मग पाणी. टिपून घेते. मग टाळूवर तेल. मग कानामागं. मग नाकात दोन थेंब, या बाजूला, या बाजूला. तेव्हा ती जरा खोकते. आई म्हणते, खोकली की नाक मोकळं झालं. मग..."

डॉक्टरांचा हात तिच्या हातावर आला. नुसता ठेवलेला, दाबलेला नाही.

"रोज?"

"रोज." मग, कुणीतरी आतून दार लोटावं तसं तिला कळायला लागलं. "पण ते औषध नाही ना. तुम्ही औषध विचारलं होतंत. ही तर आंघोळ आहे."

"हो," डॉ. मुजावर तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. "आंघोळच आहे. तुमची काही चूक नाही असं म्हणणार नाही मी, पण प्रश्न आमचा चुकला. मी शिकत होते तेव्हा आमच्या बाई प्रत्येक आईला विचारायच्या, नाकात तेल घालता? तोंड दाबून तूप पाजता? मीही कितीतरी वर्षं विचारायची. नाक आलं आणि विचारायचं सुटलं."

त्यांनी हळूहळू समजावून सांगितलं. पाणी श्वासनलिकेत गेलं तर जोराचा ठसका लागतो आणि ते बाहेर पडतं. तेल लबाड असतं. ठसका लागलाच तर किरकोळ, आणि ते गुपचूप उतरतं. फुफ्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाही. तेलानं फुगून त्या तिथंच मरतात, सूज येते, आणि छातीच्या फोटोत ती हुबेहूब न्यूमोनियासारखी दिसते. जुईच्या बाबतीत त्यावर आणखी एक गोष्ट घडली होती. मातीत आणि नळाच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ राहतो. एरवी तो कुणाच्या वाटेला जात नाही. पण त्याच्या अंगावरही तसंच मेणचट आवरण असतं आणि तेलात तो सुखानं वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली तोही लाल दांडीसारखाच दिसतो. तेल खाऊन तो जो वास सोडतो, तो यंत्राला भावाच्या वासासारखा वाटला. तेलात वाढलेल्या चुलतभावाचा वास त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

"हा माणसाकडून माणसाला लागत नाही," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "त्याला वेगळी औषधं आहेत. वेळ लागेल, पण जुई बरी होईल. फुफ्फुस आणखी दोनतीनदा धुवावं लागेल."

ईश्वरीनं फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं.

"म्हणजे आबा..."

"त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांची औषधं आजच थांबवायला सांगते." डॉ. मुजावर उठल्या, मग थांबल्या. "मीही त्यांच्याशी बोलेन. माफी मागायची आहे मला."

टॉवेलची गुंडाळी ईश्वरीच्या मांडीवर तशीच होती. ती बराच वेळ तिला थोपटत बसली.

*

आईचा फोन आला तेव्हा ईश्वरीनं सगळं सांगितलं. आई उसळली. "म्हणजे मी नातीला मारायला तेल पाठवत होते होय गं? तुझ्या नाकात घातलं, तुझ्या भावाच्या नाकात घातलं, माझ्या आईनं माझ्या नाकात घातलं. मेलो का आम्ही?"

"नाही मेलो, आई."

"मग?"

"मग काही नाही. पुन्हा घालायचं नाही, एवढंच."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरी होईल ना गं ती?"

"होईल."

यशराज आणि ती त्या आठवड्यात एकमेकांशी भांडली नाहीत. भांडायला काही कमी नव्हतं. 'तू म्हणालीस' आणि 'तू सोडून आलास' ही दोन वाक्यं जेवताना दोघांच्या मध्ये ताटासारखी मांडलेली असायची. दोघंही त्यांना हात लावत नव्हती.

आबांना फोन तिनंच केला. शब्द जुळवून ठेवले होते, ऐन वेळी ते सापडले नाहीत. "आबा, तुमच्यामुळं नव्हतं. माझ्या तेलामुळं होतं. मी तुम्हाला काय काय बोलले..."

"काय बोललीस? काय बी न्हाई बोललीस." पंच्याआडून आवाज जाड येत होता. "बरी हाय न्हवं पोर? झालं तर मग."

"घरी या, आबा."

"येतो की. एवढा माल उतरू दे बापूचा. अर्ध्यात कसं सोडायचं?"

माल उतरला. मग दुसरा माल आला. मग बापूची कंबर धरली. यशराज दोनदा आणायला गेला आणि दोनदा बेदाण्याची पिशवी घेऊन एकटाच परत आला. जुईला दात आले. ती बसायला लागली, रांगायला लागली, भिंत धरून उभी राहिली. फुफ्फुसाच्या शेवटच्या धुण्यात पाणी स्वच्छ आलं. गंधवेधच्या प्रश्नांत डॉ. मुजावरांनी लढून एक प्रश्न घालून घेतला, 'बाळाच्या नाकात तेल किंवा तूप घालता का?' आता मिरजेतल्या प्रत्येक आईला तो समजूतदार आवाज तो प्रश्न विचारत होता. ईश्वरी तपासणीला गेली की तिला शेजारच्या खोलीतून तो ऐकू यायचा.

जुईच्या पहिल्या वाढदिवसाला आबा आले.

दारातच थांबले. वाळले होते, त्या औषधांनी त्यांचं जेवण गेलं होतं, ते परत पुरतं आलं नव्हतं. ठेवणीतला सदरा घातला होता, आणि पंचा बांधलेला होता, धुऊन, इस्त्री करून. जुईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"असू दे, असू दे," आबा घाईघाईनं मागं सरकले. "वळख न्हाई ऱ्हायली. येईल."

"पंचा काढा ना, आबा. त्यामुळं घाबरतेय ती."

"काढतो की." पण त्यांनी काढला नाही. दाराजवळची खुर्ची घेतली, खिडकीच्या बाजूला, वारं बाहेर जाईल अशा बेतानं. ईश्वरीनं ते पाहिलं. यशराजनंही पाहिलं आणि तो उगाच फुगे बांधायला गेला.

औक्षण झालं. शेजारची मुलं खाऊन गेली. ईश्वरीनं जुईसाठी मऊभात केला, वर साजूक तुपाची धार. वाफ येत होती. एव्हाना जुईचं रडं सरलं होतं. ती खुर्च्या धरत धरत आबांपर्यंत पोचली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. वर बघत. आबा हलले नाहीत. गुडघ्यावर पाखरू बसावं तसे ते बसून राहिले.

"आबा, तुम्हीच भरवा तिला." ईश्वरीनं वाटी त्यांच्या हातात दिली. "गरम आहे फार."

गरम म्हटलं की काय करायचं हे जुईला अलीकडेच समजलं होतं. तिनं ओठांचा चंबू केला, वाटीकडे तोंड नेलं आणि "फू" केलं. लाळच जास्त उडाली. मग तिनं आबांकडे पाहिलं. आता तुमची पाळी.

आबांच्या पंच्यामागं काहीतरी हललं. डोळ्यांभोवती सुरकुत्या गोळा झाल्या. त्यांनी चमच्यात भात घेतला आणि तो तोंडाजवळ नेला. ईश्वरीनं श्वास धरला.

मग त्यांनी चमचा खाली आणला. भात वाटीखालच्या ताटलीत पसरला, पातळ, कडेपर्यंत, बेदाण्यासाठी द्राक्षं पसरतात तसा. टेबलावरची टोपी उचलली आणि तिनं ते हलके हलके वारा घालू लागले.

"फुंकर घाला ना, आबा," ईश्वरी म्हणाली. "घाला ना हो."

"होतंय की गार," आबा म्हणाले. जुई त्यांच्या तोंडाकडे बघत अजून चंबू करून थांबली होती. "हे बघ, झालंच."

टोपी हलत राहिली. वाढदिवसाची टोपी होती ती, लाल चमकीची, आणि प्रत्येक हेलकाव्याला जुईच्या कपाळावरचं जावळ थोडं थोडं उडत होतं.